पूजेला न आलेली पेटी

भागीरथीअक्का कशालाच घाबरत नाहीत, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणालो. त्या हसून म्हणाल्या, "घाबरतें की! म्हणून तर आधीच अस्क ठरवून ठेवतें." अस्क म्हणजे सगळं. आमच्या तंजावूरच्या मराठीत ते असंच म्हणतात, आणि अक्कांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं.

आमच्या संस्थेच्या तंजावूर, पापनाशम आणि ओरत्तनाडु इथे शाळा. अक्का आधी गणित शिकवायच्या, मग संस्थेच्या कचेरीच्या मुख्य झाल्या. मी तंजावूरच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. नव्वदनंतर गावात जो तो संगणकाची भाषा बोलायला लागला, तेव्हा आमचे सेक्रेटरी सेतुरामराव यांनीही एक आणला आणि तिन्ही शाळांतल्या मुलांची नावं, जन्मतारखा, गुण, सगळं त्यात भरायला लावलं. विकणारा पोरगा त्याचे गुण गात होता. अक्कांनी त्याला एकच विचारलं, "हा बंद पडला तर?"

"पडत नाही, मॅडम."

"आमच्या ह्यांची स्कूटरही पडत नसे," अक्का म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात कामाला लागल्या. दर शुक्रवारी सगळ्या माहितीची नक्कल फ्लॉपींवर निघू लागली. एक पेटी कचेरीत, एक बसने पापनाशमला, एक ओरत्तनाडुला राजमकडे. राजम तिथल्या शाळेत शिक्षिका होती. तिथल्या शाळेच्या कपाटाला कुलूप नव्हतं, म्हणून ती पेटी स्वतःच्या घरी ठेवायची. या पेट्या एका छपराखाली यायच्या नाहीत, हा अक्कांचा नियम. पूर, चोरी, वीज, उंदीर, वाळवी, सगळ्याचा विचार झाला होता. आम्ही पाठीमागे चेष्टा करायचो की अक्का घरात आमटीसुद्धा दोन पातेल्यांत ठेवत असतील.

एका गोष्टीचा विचार मात्र त्यांनी केला नव्हता. ती म्हणजे भक्ती.

नवरात्र आलं. सेतुरामरावांनी फर्मान काढलं: नव्या मशीनची ही पहिली आयुधपूजा, तेव्हा तिन्ही शाळांची साधनं एकत्र कचेरीत येऊ द्या. नवमीला टाइपरायटर आले, पृथ्वीचा गोल आला, हार्मोनियम आली, शाळेची घंटासुद्धा उतरवून आणली. पापनाशमचे हेडमास्तर पेटीला मोगऱ्याचा गजरा गुंडाळून घेऊन आले. मी अक्कांच्या कानाशी लागलो, "तुमचा नियम?"

"सरस्वतीपुढं नाही ठेवायचं, तर कुणापुढं?" अक्का म्हणाल्या, आणि कचेरीतली पेटी त्यांनी स्वतःच्या हातांनी देवीपुढे ठेवली. इतकी हुशार बाई, पण भाविकपणापुढे तिचंही गणित संपलं. हेडमास्तरांनी दोन्ही पेट्यांतली एकेक फ्लॉपी बाहेर काढून गंध-कुंकू लावलं. तेही कुठे, तर मधल्या फटीतून आतली काळी चकती जिथे उघडी दिसते, नेमकं तिथे. ती जागा त्यांना मोकळी वाटली. सेतुरामरावांनी नारळ फोडला आणि दोन्ही ठिबकती भकलं मोठ्या मानानं संगणकाच्या डोक्यावर ठेवली.

ओरत्तनाडुची पेटी आली नाही. राजमचा नवरा आषाढात गेला होता. वर्ष सरेपर्यंत तिच्या घरी सण नव्हता. आमच्या घरातली वस्तू पूजेला नको, असा तिने निरोप पाठवला होता. सेतुरामरावांचं तोंड उतरलं. पहिल्याच पूजेला हे काय, असं ते पुटपुटले.

पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी कोणी हात लावत नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, मुहूर्त साधून सेतुरामरावांनी बटण दाबलं. चर्र असा आवाज झाला, मागून धूर निघाला आणि खोलीत भाजलेल्या खोबऱ्याचा वास पसरला. मेकॅनिकने उघडून पाहिलं आणि मान हलवली; आतली डिस्कही गेली होती. माझ्या प्रयोगशाळेत कुणी देणगी दिलेला एक जुना संगणक होता. जुना म्हणून त्याला नारळाचा मान मिळाला नव्हता, त्यामुळे तो धडधाकट होता. पण पूजेतली एकही फ्लॉपी त्याला वाचता येईना. गंध आत वाळून बसलं होतं.

दहावीच्या मुलांची यादी दुसऱ्या दिवशी परीक्षा मंडळाकडे पोचायची होती. यादीत नाव नाही, तर परीक्षा नाही. शाळाशाळांतून पुन्हा सगळं गोळा करायचं तर दिवाळी उजाडली असती. सेतुरामराव खुर्चीत बसले ते उठेनात.

अक्का मात्र पदर खोचून उभ्या. "मास्तर, चला. ओरत्तनाडुची बस धरूं."

"ती पेटी चांगली असेल कशावरून?"

"राजमकडं आहे म्हणून."

राजम दारातच उभी राहिली. एवढ्या दिवसांत कुंकू लावलेलं कोणी तिच्या उंबऱ्याशी आलं नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरच दिसलं, आणि आमची सगळ्यांचीच लाज वाटली. ओल लागू नये म्हणून तिने पेटी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली होती. ती काढून तिने पुसली, पण अक्कांच्या हातात देईना.

"अक्का, आज विजयादशमी. आजच्या दिवशी आमच्या घरचं शाळेला चालेल?"

"शाळेपाशी आज तेवढंच आहे, राजम. आणि ती तूच घेऊन यायचीस."

तिला बसमध्ये मधे बसवून आम्ही तंजावूरला आणलं. दारात सेतुरामराव जरा घुटमळले. अक्का म्हणाल्या, "राव, वाट सोडा," आणि त्यांनी सोडली. जुन्या संगणकात फ्लॉपी राजमनेच घातली. तो बराच वेळ गुरगुरला, आणि मग पडद्यावर एकामागून एक नावं उतरू लागली. सेतुरामरावांनी डोळे पुसले. यादी वेळेवर गेली, एकही नाव गळलं नाही.

पुढच्या वर्षी नवमीला राजम आपणहून आली. तिचं वर्ष सरलं होतं. पेटी तिने पदराखाली धरली होती, देवीपुढे ठेवायला. अक्कांनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि मला दिली.

"मास्तर, ही आत्तांच्या आत्तां ओरत्तनाडुला परत. ही पूजेला यायची नाही, कधींच नाही."

राजमने मान खाली घातली आणि ती माझ्यामागून निघाली.

"तूं कुठं?" अक्कांनी तिचा दंड धरला. "पेटी लांब राहायची. तूं नाही." आणि साऱ्या सुवासिनींच्या देखत त्यांनी काड्यापेटी तिच्या हातात ठेवली. "समई लाव."