शेवटच्या रविवारचे कॅरेट

पहाटे अंगणात पेट्रोल आणि कोथिंबिरीचा एकत्र वास दरवळला, की आमच्या घरी महिन्यातला शेवटचा रविवार उजाडलेला असतो. बाबा जुनी जीप पुसत असतात. मागे भाजीचे कॅरेट, त्यांवर कोथिंबिरीच्या वासाचं ओलं पोतं. सेलूहून वर्ध्याचा बाजार लवकर गाठायचा आहे, असं ते दर खेपेला सांगतात. मी मान डोलावते.

मला अक्षरं शिकवली ती बाबांनीच, आणि तीही मोर्च्यांच्या पत्रकांवर. 'आंब्या'आधी मी 'अन्याय' वाचला असेन. पुढे पत्रकं मीच लिहू लागले. रस्त्यासाठी कडुनिंब तोडले तेव्हा मोटारींविरुद्ध लिहिलं: ही रिकामटेकड्यांची चैन आहे, हिची लाज वाटायला हवी. पहिली प्रत बाबांना दिली. त्यांनी ती सावकाश वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि "चांगलं लिवलं" म्हणाले.

तीच पत्रकं वाटायला मी गेल्या महिन्यात वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेच्या मैदानावर गेले होते. गाड्यांचे शौकीन तिथे महिन्यातून एकदा जमतात, असं कळलं होतं. उघडी बॉनेटं, चहाचे कप, परक्या इंजिनाला कान लावून उभी माणसं. आणि त्यांत आमची जीप! कॅरेट खाली उतरवलेले, सगळे रिकामे. बॉनेटवर हात ठेवून बाबा हसत होते. इतकं मोकळं हसताना मी त्यांना घरी कधीच पाहिलं नव्हतं.

"काकाजी, हे कॅरेटाचं नाटक कधीलोक? सांगून टाका ना पोरीले," शेजारच्या गाडीवाल्याने बाबांना म्हटलं.

"नाई रे बाप्पा. ते पोरगी मोटारीच्या विरोधात लिहिते, अन् बरोबरच लिहिते. तिले समजलं तं तिची मान खाली जाईन. मंग मले इथं येनंच सोडा लागन."

मी चहाच्या टपरीआड उभी होते. पत्रकं पिशवीतून निघालीच नाहीत. कडुनिंबांबद्दल लिहिलेलं मला आजही खरंच वाटतं, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण सत्तेविरुद्ध लिहिता लिहिता मीच आमच्या घरातली सत्ता झाले होते. ज्याने मला अक्षर दिलं, त्याला हसायला चोरून जावं लागत होतं. ही लाज कुठल्या पत्रकात लिहायची?

त्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आज भाव नाई भेटला."

"पुढच्या खेपेले भेटन," मी म्हणाले. नजर काही वर उचलली नाही.

आज पुन्हा शेवटचा रविवार. कॅरेट बांधताना त्यांनी हाक मारली, "दोर धरजो तिकडून."

मी धरला. भरलेले कॅरेट दोर ओढला की गप्प बसतात. हे खडखडले. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. बाबांचे हात थबकले.

मी गाठ आणखी आवळली.