ज्यानं जोडला, त्यानं खाली झोपायचं

स्क्रू जॅकच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस कितीही पुसा, आणखी निघतंच. आमच्या सेक्शनच्या किश्श्यांचंही तसंच आहे. आम्ही रिटायर्ड मंडळी चहाला बसलो की एकानं नुसतं "बोकरे मिस्त्री" म्हणायचं. पुढचं आपोआप निघत जातं!

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. जबलपूरच्या आमच्या कारखान्यात फौजी ट्रकांचे जॅक दुरुस्तीला येत. ते खोलणारे, धुणारे, पुन्हा जोडणारे आम्ही सहा जण आणि आमचे मुखिया बोकरे मिस्त्री. त्यांच्या रिटायरमेंटला चार महिने उरले होते. हात सोन्याचा, पण जीभ तिखट; ती एक दिवस मिस्त्रींची पेन्शन घालवणार, अशी आम्हाला धास्ती होती.

*

माझा पहिला दिवस. मिस्त्रींनी पाच जॅक पुढ्यात टाकले. "खोल आन् घासलेटात धू." मी भारी मेहनती! पाचही खोलले, सगळे पार्ट एकाच टबात घातले, चकाचक करून मांडले आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो.

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. स्क्रू आणि त्याचा पितळी नट वर्षानुवर्षं एकमेकांत झिजलेले असतात. एकाचा नट दुसऱ्याला धड बसत नाही.

"काहून रे, पाच घरचे नवराबायको एका टबात घातले न! आता ज्याची त्याला शोधून दे."

पुढचे तीन दिवस मी सोयरिकी जुळवत होतो.

*

स्टोअरचे दुबेजी नियमाचे पक्के. जुना पार्ट जमा केल्याशिवाय नवा नाही म्हणजे नाही! सीमेवरून आलेल्या एका जॅकचं बेअरिंग फुटलं होतं, अर्धे छर्रे तिकडेच वाळूत सांडलेले.

"मिस्त्रीजी, टूटा हुआ चलेगा, पर पूरा लाओ."

"दुबेजी, बाकी के छर्रे दुश्मन के इलाके में हैं. फौज को बोलूँ, थोड़ा और आगे बढ़ो?"

दुबेजी हसले नाहीत. शेवटी मिस्त्रींनी जवळच्या गढा वस्तीतल्या सायकलवाल्याकडून मूठभर छर्रे आणून दिले. साइज भलतीच, त्यातले दोन गंजलेले. दुबेजींनी आनंदानं जमा करून घेतले.

*

लढाईची घाई म्हणून वरून हुकूम आला: आधी रंगवा, बाकीचं मग! रंग सुकायला वेळ लागतो म्हणे. इन्स्पेक्शनचे तिवारीजी आले आणि रांगेतल्या वीस जॅकवर 'ओके'चे शिक्के मारून गेले.

मिस्त्रींनी त्यातला एक उचलला. फार हलका लागला. तसाच नेऊन तिवारीजींच्या टेबलावर ठेवला. आत स्क्रूच नव्हता, नुसतं रंगवलेलं खोकं!

तिवारीजींनी तो फिरवून फिरवून पाहिला.

"लेकिन पेंट में तो कोई कमी नहीं है!"

*

त्या दिवसापासून मिस्त्रींनी स्वतःचा नियम काढला. जॅकवर ट्रक उचलायचा आणि ज्यानं जोडला त्यानं पाच मिनिटं खाली झोपायचं. मगच मिस्त्री त्यावर छिन्नीनं एक रेघ मारत.

मी कुरकुरलो.

"तिकडं जवान गाडीखाली घुसन, तेव्हा काय तिवारीचा शिक्का गाडी धरून राहणार हाये?"

मी गुपचूप झोपलो. खरं सांगतो, त्यानंतर माझ्या हातून एकही बेअरिंग ग्रीसशिवाय गेलं नाही.

*

मग मोठे साहेब पाहणीला आले. बघतात तर ट्रकखालून दोन पाय बाहेर आलेले आणि हालचाल नाही! "अरे, आदमी दब गया!" शिट्ट्या वाजल्या, ॲम्ब्युलन्स आली, स्ट्रेचर आलं. तेवढ्यात मिस्त्री डोळे चोळत बाहेर सरकले.

"माफ करना साब, जॅक अच्छा बना था, नींद लग गई."

दुसऱ्या दिवशी चार्जशीट! विनापरवाना टेस्टिंग, ड्यूटीवर झोप आणि इन्स्पेक्शनच्या शिक्क्यावर अविश्वास. सिद्ध झालं तर पेन्शनला कात्री. त्या दुपारी मिस्त्रींनी डबा उघडला नाही.

*

चौकशीला बाहेरचे एक साहेब आले. दोन तास प्रश्न विचारले आणि उठताना म्हणाले, "मुहर पर भरोसा नहीं, ये बहुत गंभीर बात है."

गेटपाशी साहेबांच्या गाडीचं टायर बसलं. ड्रायव्हर जॅक मागायला आला, तशी मी दोन घेऊन धावलो. एकावर नुसता शिक्का, दुसऱ्यावर मिस्त्रींची रेघ. मिस्त्रींच्या रेघेची कीर्ती ड्रायव्हर लोकांत पोचलेली; त्यानं दोन्ही निरखले आणि रेघवाला लावला. गाडी उचलली, चाक काढलं. तेवढ्यात वाऱ्यानं बॉनेटवरच्या फाइलमधली चार्जशीट उडाली आणि सरळ गाडीखाली गेली!

ड्रायव्हर वाकला.

"रुको! तुम्हारे हाथ में ग्रीस है. सरकारी कागज है!"

साहेबांनी कोट काढला, गुडघे टेकले. खाली पाहिलं. मग बाजूला पडलेल्या शिक्क्याच्या जॅककडे पाहिलं.

"नीचे कौन सा लगाया है?"

"बोकरे मिस्त्री का, साब."

साहेब पोटावर झोपले आणि कमरेपर्यंत आत गेले.

आठवड्यानं चार्जशीट परत आली. शेरा एका शब्दाचा: 'रद्द'. आणि खाली कोपऱ्यात ग्रीसनं उठलेला साहेबांचा अंगठा!