आम्लात ओतलेलं पाणी

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता तीही नाही, घरात बोलायला कुणीच नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — पण कुठून सुरू करू?

अर्जुनी मोरगावला मी बारावीला रसायनशास्त्र शिकवायचो. जस्तावर आम्ल ओतायचं, निघणारा हायड्रोजन पाण्यावर उलट्या नळीत धरायचा आणि मोजायचा. साधा प्रयोग. जो पदार्थ आधी संपतो, त्यावर वायू किती ते ठरतं. आमच्याकडे जस्त संपायचं, आम्ल उरायचं. मग जस्ताच्या वजनावरून हिशेब, तापमानात २७३ मिळवायचे, दाब धरायचा — वायूचं आकारमान तयार. आणि खरं सांगू? मुलं नळीकडे बघायचीच नाहीत. आधी हिशेब करायची आणि तेच उत्तर निरीक्षण म्हणून लिहायची. हे मीच शिकवलं होतं.

म्हणून तर मला भीती वाटली नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी आम्ल कमी पडलं. गोंदियाहून आणता आलं असतं — आळस केला. बाटलीत पाणी ओतलं, चांगलं भरपूर. लेबल तसंच ठेवलं. कोण बघणार होतं?

सुमननं बघितलं. इटियाडोहकडच्या जंगलातल्या गावाहून ती एसटीनं यायची. तिला नर्स व्हायचं होतं. नळीत दिसला तेवढाच वायू तिनं लिहिला — इतरांच्या निम्माही नाही.

बाहेरून आलेले परीक्षक हसले. "सगळ्यांचा वायू आला, तुझाच कुठं गेला बाई? नळी सोडून दिली काय?"

"नाही जी. जस्त तं तसंच पडून आहे, सर. आम्लच आधी संपलं."

तिच्या भांड्यात खरंच जस्ताचे तुकडे होते, बुडबुडे थांबलेले. बाकीच्यांनी आपापली भांडी केव्हाच धुऊन टाकली होती. परीक्षकांनी मला विचारलं, आम्ल लेबलवर लिहिलंय तसंच आहे ना?

सुमनही माझ्याकडेच बघत होती. किती विश्वासानं — ते कसं सांगू?

"हो सर," मी म्हणालो. "तसंच आहे."

ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही.

गेल्या वर्षी बसस्टँडवर तिनंच मला ओळखलं. मी तर तोंड फिरवलं होतं. वाकून पाया पडली. "एकटेच राहता का जी, सर? जेवणाचं कसं करता?" मग जरा थांबून, हसून म्हणाली, "माह्याच हातून नळी हलली असन तेव्हा. अजून आठवते मले."

मी म्हणालो, "असेल."

नळी हलली नव्हती. हे तिला सांगायला गाडी सुटेपर्यंतचा वेळ माझ्याजवळ होता.