हार्ड डिस्कची झोळी

आमचे हे सुरतेत पांडेसऱ्याच्या कापड मिलमध्ये रातपाळी करून यायचे आणि बमरोलीच्या आमच्या एका खोलीत दिवसभर झोपायचे. मिलमधल्या मागांनी यांचे कान इतके बधिर केलेले, की शेजारणीचं भांडणसुद्धा मला त्यांना नंतर सांगावं लागे, तेही हातवाऱ्यांनी. पण लेकीचा कॉम्प्युटर कुरकुरला की हा माणूस ताडकन उठून बसायचा.

लेक घरी बसून साड्यांच्या डिझाइनी करायची. कॉम्प्युटर काम देणाऱ्या व्यापाऱ्याचा. एक फूल उघडायचं तर आतली हार्ड डिस्क कर्र कर्र करायची, घूस पत्रा कुरतडते तशी.

"माग कसा एका तालात वाजतो," हे म्हणाले. "याचा काही भरवसाच नाही. रविवारी खोकं परत."

खोकं गेलं की काम गेलं. पोरीला एकटीला कापड मार्केटात कामाला हे पाठवणार नव्हते. मग घरात फक्त पोहे आणि बघायला येणारी मंडळी.

मागवाल्याच्या घरात आवाज म्हटलं की चिंध्या कोंबायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. मी खोक्याला गोधडी गुंडाळली. थोड्या वेळानं ते तव्यासारखं तापलं आणि पडद्यावरचं फूल जागीच थिजलं.

"आई, त्याला बाळंतीण समजलीस का?" लेक करवादली.

तिनं गोधडी काढली, बंद करून खोकं उघडलं, डिस्कचे स्क्रू सोडले आणि तारा तशाच ठेवून ती हातात धरून चालू केली. कुरकुर एकदम खाली आली. पत्र्याला आवळली होती ना, सगळा पत्राच वाजत होता.

"मग धरून बस," मी म्हणाले.

"दिवसभर?"

"तुला कुठं दिवसभर धरली होती मी? झोळीत टाकली होती."

मग हिलाही झोळीच, पण ताण खाणारं काही हवं. घरात इलॅस्टिक एकच, यांच्या नव्या चड्डीतलं. मी ते ओढून काढलं. संसारात एवढा हक्क असतो बाईला. लेकीनं त्याची झोळी बांधली, डिस्क कुठं टेकणार नाही अशी खोक्यात टांगली.

रविवारी हे दुपार कलल्यावर जागे झाले. लेक पडद्यासमोरच होती.

"कर आता चालू तुझं, उठलो मी."

"आबा, सकाळपासून चालूच आहे," ती हातवारे करत ओरडली.

हे खोक्याजवळ गेले, वाकले, कान लावला.  मग अंथरुणावर येऊन बसले.

"व्यापाऱ्याला म्हणावं, अजून काम असलं तर पाठव."