बांबूची कमची

गोंदियाच्या दवाखान्यात बाबांच्या शेजारच्या खाटेवर सुपं विणणारा एक बुरड होता. दोघांनाही मेंदूचा झटका आलेला. डॉक्टर रोज नाव विचारत आणि दोघेही नुसते छताकडे बघत.

बुरडाची बायको रडत नसे, याचाच मला राग यायचा. चौथ्या दिवशी तिने पिशवीतून बांबूची ओली कमची काढून नवऱ्याच्या मुठीत सरकवली. तो बघतही नव्हता. पण त्याचा अंगठा कमचीवरून फिरला, थांबला, आणि विणताना धरतात तशी सालीची बाजू वर येईल अशी त्याने ती उलटवली.

"हाये," ती म्हणाली. "आतमंदी हाये माणूस. लेकरूबी पयले हात चालवते, मंग बोलते."

मग तिने मला विचारलं, "तुमचे बाबा काय काम करत होते जी?"

"मास्तर होते."

"मंग खडू द्या ना हातात. कायले बसून राहिले?"

त्याच संध्याकाळी मी खडू आणला. ती नवरा-बायको आता तिरोड्याला घरी गेली आहेत. खडू अजून माझ्या खिशातच आहे. बाबांच्या बोटांतून तो नुसताच गळून पडला तर?