फाट्यावरचे चिंचोके

रस्ता रुंद करण्याआधी वाहनं मोजायला सरकारनं उचगावच्या फाट्यावर एक माणूस बसवला होता. ट्रक गेला की तो डब्यात खडा टाकायचा, उसाची बैलगाडी गेली की चिंचोका. रुंदीत आमचं घर जाणार होतं. एकदा चहा देताना मी हळूच म्हणालो, "जरा कमी मोजा की."

रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "पावणं, गेलेली गाडी न्हाय कशी म्हणू?"

मी त्याचा चहा बंद केला.

पुढं त्याच्याच आकड्यांवरून साहेबांना पटलं, की एवढी गर्दी गावात मावायची नाही. रस्ता बाहेरून न्यायचं ठरलं आणि घर वाचलं. मी गूळ घेऊन गेलो.

"थांबा," तो म्हणाला. समोरून उसाची गाडी गेली. त्यानं चिंचोका टाकला आणि मगच गुळासाठी हात पुढं केला.