मिरजेपर्यंतची कॉफी

आमचे चुलत सासरे कॉफी प्यायला बसले की रेल्वेची स्टेशनं म्हणत. एक घोट हुबळी, एक घोट धारवाड. अळणावर, लोंढा, खानापूर, बेळगाव करत मिरज आलं की रिकामा पेला पालथा घालून म्हणायचे, "सूनबाई, मिरज आलं. डोकं शाबूत आहे!" सारी हयात हुबळीकडे रेल्वेत काढून, पेन्शन घेऊन ते चौलला आमच्या वाडीत राहायला आले, ही तीस-बत्तीस सालची गोष्ट. घरात सगळे त्यांना कॉफीकाका म्हणत.

आमच्याकडे तेव्हा कॉफी मिळायची ती आजाऱ्याला, तीही जायफळ उगाळून. वाडीत जायफळाचं झाड होतं ना! काकांना ते अजिबात खपत नसे. "जायफळानं झोप येते. म्हाताऱ्याला झोप कशाला? मेंदू जागा राहायला हवा," म्हणत ते कॉफीचे बुंददाणे स्वतः भाजायचे. घरभर घमघमाट सुटायचा आणि सासूबाई नाकाला पदर लावायच्या. कॉफीनं मेंदू जागा राहतो की नाही, देव जाणे. मला आपली त्यांची बडबड आवडायची. लग्नाला तीन वर्षं झाली तरी पेणचं माहेर दिसलं नव्हतं. निदान रोज धारवाड-बेळगाव तरी व्हायचं.

मग एके सकाळी गाडी लोंढ्यालाच थांबली. "पुढे काय गं?" "खानापूर, काका." पुढे पुढे रोजच थांबायला लागली. मी हळूच सांगायची, कुणाला कळू द्यायची नाही. एक दिवस काका घरातून नाहीसे झाले. सापडले ते थेट रेवसला, आगबोटीच्या खलाशाकडे मिरजेचं तिकीट मागताना. त्या दिवसापासून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लागली.

काका आतून दार वाजवायचे. "सूनबाई, कडी काढ गं. अंगणापर्यंतच जातो." माझा हात कडीपर्यंत जायचा आणि परत यायचा. मेली भेकड मी! दार वाजलं की लोक काय म्हणतील म्हणून सासूबाई कासावीस व्हायच्या. शेवटी त्यांनी माझ्यापुढे सहाण सरकवली. "अगो, कॉफीत जायफळ चांगलं उगाळून घाल. पडून राहतील." मी घातलं.

खिडकीच्या गजांतून पेला आत दिला. काकांनी तो तोंडाशी नेला आणि थांबले. वास त्यांना बरोबर कळला. माझ्याकडे बघत म्हणाले, "तुला घालायला सांगितलं असेल. पितो हं मी. नाहीतर तुला बोलणी बसतील." आपली स्टेशनं विसरलेला माणूस, पण माझी अडचण त्यानं ओळखली. सावकाश पेला संपवला. एकही स्टेशन म्हटलं नाही.

पुढे रोज तसेच प्यायले आणि वर्षाच्या आत गेले. मी तेव्हा ओक्साबोक्शी रडले. सासूबाईंना वाटलं, सुनेला किती माया!

आता मी त्यांच्या वयाची झाले. सून कॉफी आणते, जायफळ घालू का विचारते. मी नको म्हणते. तिला शेजारी बसवून हुबळीपासून सुरू करते, मिरजेला पोचते. रिकामा कप घेऊन ती निघाली की तेवढं मात्र रोज सांगते, "दार ओढून घेऊ नकोस गं."